मिस्त्री कुठला?

आमच्या गावच्या दूध संस्थेत सकाळी साडेपाचला लाइन लागते. किटल्या, कॅन, थंडीत डोक्याला मफलर गुंडाळलेली माणसं, आत काउंटरवर मापाडी दूध काट्यावर ओततो, चमचाभर सॅम्पल मशीनमध्ये जातं, थोड्या वेळात फॅट आणि एसएनएफचे (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) आकडे येतात, फोनमधलं अ‍ॅप ते उचलतं, दर लावतं आणि छोट्या ब्लूटूथ प्रिंटरमधून स्लिप बाहेर येते. स्लिप हातात पडली की माणूस बाजूला होतो आणि पुढची किटली वर येते. 2022 च्या नोव्हेंबरात एका सोमवारी ती स्लिप आलीच नाही. आणि ते अ‍ॅप मी लिहिलेलं होतं.

सहा वाजता तात्यांचा फोन. तात्या म्हणजे माझे मोठे चुलते, संस्थेचे सेक्रेटरी. म्हणाले, "पोरी, काटा चालतोय, मशीन चालतंय, स्लिपच येईना. लाइन पार देवळापर्यंत गेलीय." मी पुण्यात, अजून अंथरुणात, आणि पोटात गोळा आला, कारण आदल्या रात्रीच मी अपडेट सोडला होता. लगेच जुनी आवृत्ती परत टाकावी म्हटलं तर त्यासाठी फोनवरचं अ‍ॅप आधी काढावं लागणार होतं, आणि रविवार संध्याकाळच्या पाळीची नोंद नेट नसल्यानं अजून त्या फोनमध्येच होती, सर्व्हरला गेलेलीच नव्हती. म्हणजे ते पण करता येईना. शेवटी तात्यांनी कपाटातलं जुनं पावतीपुस्तक काढलं आणि तीन दिवस हातानं लिहिलं.

हे सगळं आत्ता सांगायचं कारण, गावातल्या एका मुलानं मध्यंतरी मला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, "ताई, मोबाइल अ‍ॅप शिकायचंय, फ्लटर करू का कॉटलिन का रिअ‍ॅक्ट नेटिव्ह?" ही तिन्ही अ‍ॅप लिहायच्या भाषा-साधनांची नावं, आणि दर जून-जुलैला कुणीतरी हा प्रश्न विचारतंच. पूर्वी मी पटकन एक नाव सांगून मोकळी व्हायचे. त्या दिवशी तीनदा टाइप करून तीनदा पुसलं, कारण खरं उत्तर द्यायचं तर त्या सोमवारपासूनच सुरुवात करावी लागते, किंवा त्याच्याही आधीपासून.

2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि वर्षभरात गावात बघावं तिकडं फोर-जी फोन दिसायला लागले. तात्यांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, संस्थेचं सगळं कागदावर आहे, दहा दिवसांचं दूधबिल काढायला दोन रात्री जातात, तू पुण्यात काँप्युटरचंच काम करतीस ना, मग बघ काय होतंय का. मला तेव्हा वेबचं काम येत होतं, जावास्क्रिप्ट, एचटीएमएल, सीएसएस. त्यामुळं मी निवडलं कॉर्डोवा आणि त्यावर आयोनिक. म्हणजे थोडक्यात वेबसाइटच लिहायची आणि ती अ‍ॅपच्या खोक्यात बसवायची, आत पत्त्याची पट्टी नसलेला ब्राउझर चालतो, आणि कॅमेरा, ब्लूटूथ असं फोनचं काही लागलं की त्यासाठी प्लगइन, म्हणजे तयार जोड-तुकडा, जोडायचं. निवडीमागं माझं कारण एकच, मला ते येत होतं. मनाशी मी दुसरं पण एक कारण सांगत होते की एकाच कोडमध्ये अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही होतं, पण अख्ख्या काउंटरवर आयफोन कुणाकडंच नव्हता, मग ते कारण नेमकं कुणासाठी होतं?

पहिल्यांदा अ‍ॅप दाखवलं तेव्हा तात्यांनी सगळं नीट बघितलं, स्लिप डोळ्यांजवळ धरून वाचली, आणि विचारलं, "आणि हे बिघडलं तर मिस्त्री कुठला?" विहिरीवर नवी मोटार घेताना त्यांनी दुकानदाराला हेच विचारलेलं मी लहानपणी ऐकलंय. मोटार किती एचपीची, किती पाणी फेकते हे नंतर, आधी मिस्त्री तालुक्यातला आहे का बाहेरून येतो, आणि सामान कुठं मिळतं. ऐन उन्हाळ्यात मोटार जळली आणि मिस्त्री चार दिवसांनी आला तर ऊस वाळतो, एवढं साधं. मी म्हणाले, "मीच आहे की तात्या." ते "बरं" म्हणाले. पण प्रिंटरशी बोलणारं प्लगइन मी लिहिलेलं नव्हतं. ते जगात कुठल्या तरी एका माणसानं स्वतःच्या फावल्या वेळात लिहून फुकट ठेवलेलं होतं, आणि मी त्याचं नावसुद्धा नीट वाचलेलं नव्हतं.

त्या सोमवारी नेमकं काय झालं ते सांगते. गूगल प्ले दर वर्षी अट पुढं सरकवतं की अ‍ॅप अमुक अँड्रॉइडच्या नियमांप्रमाणं बांधलेलं असलं पाहिजे, नाहीतर अपडेट स्वीकारत नाही. 2022 च्या नोव्हेंबरपासून ती अट अँड्रॉइड 12 ची झाली. मला स्लिपवर पशुखाद्याची वजावट दाखवायची होती, म्हणून अपडेट टाकायचा होता, म्हणून कुठल्या अँड्रॉइडसाठी बांधलंय ते सांगणारा आकडा 30 चा 31 केला, अँड्रॉइड 12 चा आतला क्रमांक 31 आहे. एवढाच बदल. पण अँड्रॉइड 12 पासून ब्लूटूथसाठी वेगळ्या परवानग्या आल्या, आजूबाजूची यंत्रं शोधायला एक आणि यंत्राला जोडायला दुसरी, आणि त्या वापरणाऱ्याला विचारून घ्याव्या लागतात. आमच्या प्लगइनला याचा पत्ताच नव्हता, त्यात शेवटचा बदल होऊन चार वर्षं झाली होती. माझा टेस्टिंगचा फोन अँड्रॉइड 10 चा, त्यावर सगळं सुरळीत. संस्थेनं मात्र दिवाळीत नवा फोन घेतला होता, अँड्रॉइड 12 चा.

सोमवारी रात्रीच्या एसटीनं मी गावी गेले आणि तात्यांच्या ओसरीवर बसून ते प्लगइन उघडलं, आत जावा भाषेतल्या दोन-तीन फायली. पाच वर्षं माझ्या अ‍ॅपचा सगळ्यात महत्त्वाचा भाग तिथं होता आणि मी तो पहिल्यांदा वाचत होते. बुधवारी दुपारी पहिली स्लिप निघाली. त्या दोन दिवसांत अँड्रॉइडची मूळ कागदपत्रं मी जेवढी वाचली तेवढी आधीच्या पाच वर्षांत वाचली नव्हती.

मग ठरवलं, नव्यानं लिहायचं. आणि आता कशात लिहायचं हा प्रश्न मी तात्यांच्या पद्धतीनं विचारायचा ठरवलं.

या क्षेत्रात किती वेगानं घरं बदलतात ते मी बघत आलेय. फोनगॅप, ज्यातून कॉर्डोवा निघालं, ते अडोबीनं 2011 मध्ये विकत घेतलं आणि 2020 मध्ये बंद केलं, कॉर्डोवा तेवढं अपाची या संस्थेकडं राहिलं. झॅमरिन हे तसंच एक साधन, त्यावर माझ्या एका मैत्रिणीची अख्खी टीम होती, सी शार्प भाषेत झकास काम चालायचं, मायक्रोसॉफ्टनं 2016 ला ती कंपनी घेतली तेव्हा सगळ्यांना वाटलं आता चिंता मिटली, आणि 1 मे 2024 ला झॅमरिनचा सपोर्ट संपला. पुढं जायला मावी नावाचं नवं साधन दिलंय, पण जायचं म्हणजे घर हलवणंच ते. एअरबीएनबी या कंपनीनं रिअ‍ॅक्ट नेटिव्हवर बरंच काम करून 2018 मध्ये ते सोडत असल्याचं सविस्तर लिहून सांगितलं, आमच्या ऑफिसात तो लेख सगळ्यांनी वाचला होता आणि दोन दिवस त्यावरच वाद चालले होते. म्हणून रिअ‍ॅक्ट नेटिव्ह वाईट असं अजिबात नाही, मी स्वतः नोकरीत ते चार वर्षं केलंय. त्यात जावास्क्रिप्टकडून फोनच्या खऱ्याखुऱ्या बटणांना, याद्यांना निरोप जातो, पूर्वी तो निरोप मधल्या एका पुलावरून जायचा आणि गर्दी झाली की अडकायचा, आता 2024 पासून नवी रचनाच डिफॉल्ट झालीय त्यात तो पूल काढून टाकलाय. फ्लटरची तऱ्हा वेगळी. ते फोनची बटणं मागतच नाही, स्वतःचे रंग आणि कागद घेऊन येतं आणि पडद्यावरचं सगळं स्वतः काढतं, त्यामुळं स्वस्तातल्या आणि महागातल्या फोनवर एकसारखं दिसतं. त्याची भाषा डार्ट, 2011 मध्ये आली, बरीच वर्षं फारसं कुणी विचारलं नाही, आणि 2018 च्या डिसेंबरात फ्लटर 1.0 आल्यावर तिला खरं काम मिळालं.

हे सगळं उत्तमच आहे, पण माझा प्रिंटर कुणाच्याच गाभ्यात येत नव्हता. फ्लटर घ्या, रिअ‍ॅक्ट नेटिव्ह घ्या, ब्लूटूथ प्रिंटरसाठी शेवटी कुणीतरी लिहिलेलं प्लगइनच लागणार. म्हणजे मोटार नामांकित कंपनीची आणि स्टार्टर कुणी जोडलाय ठाऊक नाही. मी रात्र-रात्र बसून वेगवेगळ्या प्लगइनची पानं वाचली. शेवटचा बदल कधी, उत्तर न मिळालेल्या तक्रारी किती, अँड्रॉइड 12 आल्यावर किती दिवसांत दुरुस्त केलं, आणि एकच माणूस सांभाळतोय का दोघं-तिघं. नेटवरच्या कुठल्याही तुलनेच्या लेखात हे सापडत नाही. तिथं कुठलं जास्त वेगवान, कुठल्यात कमी ओळी, कुणाला नोकऱ्या जास्त एवढंच असतं.

काउंटरच्या अ‍ॅपसाठी मी कॉटलिन घेतलं, सरळ नेटिव्ह अँड्रॉइड. ब्लूटूथ सिस्टिमचंच, मध्ये कुणी नाही, नियम बदलला की तो ज्यांनी बदलला त्यांच्याच कागदपत्रात पहिल्या दिवशी लिहिलेलं असतं. कॉटलिन ही जेटब्रेन्स कंपनीची भाषा, 2011 मध्ये जाहीर झाली, 2017 मध्ये गूगलनं अँड्रॉइडसाठी अधिकृत मानली आणि 2019 पासून पहिला मान तिलाच. त्याआधी अँड्रॉइडचं काम जावात चालायचं. दोन्ही भाषांची नावं बेटांवरून आलीत, कॉटलिन सेंट पीटर्सबर्गजवळचं बेट आणि जावा तर माहितीच आहे, ते कॉफीच्या वाटेनं आलं. मला त्यातलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे जावाला घराबाहेर न काढता कॉटलिन त्याच घरात राहते, एकाच प्रोजेक्टमध्ये एक फाइल जावाची, शेजारची कॉटलिनची, आणि दोघी एकमेकींना हाक मारू शकतात.

आणि भाषेचं म्हणून जे महत्त्व आहे ते पण मला इथंच कळलं. जुन्या अ‍ॅपमध्ये एकदा मशीननं फॅट पाठवलं आणि एसएनएफ पाठवलंच नाही, वायर सैल झाली असणार. जावास्क्रिप्टनं तो रिकामा आकडा तसाच हिशोबात घेतला आणि स्लिपवर रकमेच्या जागी इंग्रजीत 'नॅन' छापून आलं, म्हणजे नॉट अ नंबर. ती स्लिप आमच्या शेजारच्या काकूंच्या हातात गेली. त्यांना वाटलं दूध नापास झालं, भेसळीचा शिक्का बसला, आणि त्या कुणालाच न विचारता घरी जाऊन दिवसभर रडत होत्या. संध्याकाळी कळलं. अजूनही आठवलं की मला कसंतरी होतं. कॉटलिनमध्ये 'आकडा' आणि 'आकडा असेल किंवा नसेल' हे दोन वेगळे प्रकार आहेत, दुसऱ्या प्रकाराला तुम्ही पहिल्यासारखं वापरायला गेलात तर प्रोग्राम बनतच नाही, नसेल तर काय करायचं ते आधी सांग म्हणून अडून बसतो. सांगितलं मी: पुन्हा सॅम्पल घ्या, असा मोठ्या अक्षरात मेसेज. पैशांचं मात्र भाषेवर सोडून भागत नाही. 0.1 आणि 0.2 ची बेरीज कॉटलिनमध्येसुद्धा दशांशाच्या साध्या प्रकारात 0.30000000000000004 च येते, म्हणून सगळे हिशोब पैशांत, पूर्णांकात, आणि रुपये फक्त छापताना. गाईचं दूध 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफला अमुक दर, म्हशीचं 6 आणि 9 ला तमुक, मग वर-खाली प्रत्येक पॉइंटला वाढ-घट, आणि हे दहा दिवस दोन्ही पाळ्यांना बेरजेत जातं, तिथं एक पैसासुद्धा हलता कामा नये, कारण लोक स्लिपा जपून ठेवतात आणि मोजतात.

मराठीचं तर वेगळंच प्रकरण. असले स्वस्त थर्मल प्रिंटर देवनागरी जाणतच नाहीत, त्यांना मराठी अक्षरं पाठवली की कागदावर भलतीच चिन्हं उमटतात. म्हणून अख्खी स्लिप आधी फोनवर चित्र म्हणून काढायची, 58 मिलिमीटरच्या कागदावर आडवे 384 ठिपके बसतात, तेवढ्या रुंदीत, आणि मग ठिपके-ठिपके प्रिंटरला पाठवायचे. जुन्या अ‍ॅपमध्ये मी नावं इंग्रजीत छापत होते. नव्या अ‍ॅपच्या पहिल्या दिवशी लोकांनी स्वतःचं नाव मराठीत वाचलं, एका आजोबांनी स्लिप उलटी-सुलटी करून दोनदा बघितली आणि खिशात न घालता हातातच धरून गेले.

सभासदांचं अ‍ॅप मात्र मी फ्लटरमध्ये केलं, आणि तिथंही प्रश्न तोच होता. ते अ‍ॅप आई-वडलांपेक्षा पुण्या-मुंबईला असलेली पोरं जास्त बघतात, आज आईनं किती दूध घातलं, बिल जमा झालं का, आणि त्यातल्या बऱ्याच जणांकडं आयफोन आहे. तिथं प्रिंटर नाही, मशीन नाही, नुसतं बघायचं. बाहेरचं प्लगइन जवळजवळ लागतच नाही, मग कुणाच्या फावल्या वेळावर अवलंबून राहायची वेळ पण येत नाही. आयफोनसाठी वेगळं स्विफ्टमध्ये लिहायला मला आवडलं असतं, 2014 मध्ये अ‍ॅपलनं काढलेली ही भाषा खरंच देखणी आहे. तिला 'मी' हा शब्द दिला आणि किती अक्षरं विचारलं तर ती एक सांगते. कॉटलिन, जावास्क्रिप्ट, डार्ट, तिघीही थेट लांबी विचारली तर दोन सांगतात, म आणि वेलांटी. पण दोन अ‍ॅपची तीन करून ती सांभाळायला माणूस कुठून आणायचा? अ‍ॅपलचे वर्षाचे 99 डॉलर आणि गूगलचे एकदाच 25, हा खर्चसुद्धा वार्षिक सभेत मांडून मंजूर करून घेतला, आणि सभेत एकानं विचारलं की आयफोनवाल्यांसाठी आम्ही का द्यायचे, तर मागनं त्याच्याच आईचा आवाज आला की माझा पोरगा रोज बघतो, द्या.

फ्लटरमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे यायला लागले तेव्हा मी आठवडाभर अस्वस्थ होते. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, पण हा मजकूर मराठी आहे हे त्याला आपण सांगावं लागतं, लोकेल, म्हणजे भाषेची सेटिंग, मराठी दिलं की आपला ल, आपला श येतो. एका ओळीचं काम. पण ती ओळ कुणी लिहायची? ज्याला तो फरक डोळ्यांना टोचतो त्यानंच.

तर त्या मुलाला मी शेवटी लिहिलं. डिप्लोमाला त्याला जावा होतीच, अँड्रॉइडचाही एक विषय होता. म्हटलं, नाव सांगत नाही, आपल्या डेअरीचं कोड देते, उघडून बघ, कळेल तेवढं वाच, आणि सकाळच्या पाळीला काउंटरला जाऊन उभा राहा. कॉटलिन निवडताना माझ्या मनात हे पण होतं, फक्त तात्यांना बोलले नव्हते. तालुक्याच्या पॉलिटेक्निकमधून दर वर्षी जावा येणारी पोरं बाहेर पडतात. पुण्याहून रात्रीच्या एसटीनं येणारा मिस्त्री किती दिवस चालणार.

दोन महिने तो काही बोलला नाही. मला वाटलं सोडलं असेल. मग एका सकाळी सहाला त्याचा पहिला बदल आला, अकरा ओळींचा. सभासदांच्या यादीत नावापुढं गोलात आद्याक्षर येतं, ते मी सरळ पहिलं अक्षर उचललं होतं, विठ्ठलचा 'व', स्नेहाचा 'स'. आपल्याकडं असं कुणी लिहीत नाही, आपण 'वि.' लिहितो, 'स्ने.' लिहितो, दोन वर्षं ते माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलं नाही. त्याच्या आजीचं नाव क्षमा आहे आणि तिच्या गोलात नुसता 'क' येत होता, तिथनं त्याच्या लक्षात आलं. हलन्त असेल तर पुढचं व्यंजन घे, काना-मात्रा-वेलांटी असेल तर ती पण घे, असं साधं, स्वच्छ लिहिलं होतं.

मी फक्त एक प्रश्न विचारला, ज्ञानेश्वरचं काय येतं?

अर्ध्या तासानं उत्तर आलं, बहुतेक डेअरीतूनच, कारण मागं फोटोत किटल्या दिसत होत्या. "ताई, 412 सभासदांची अख्खी यादी चालवून बघितली. ज्ञानेश्वर तीन आहेत, तिघांचंही 'ज्ञा' येतंय. तात्या विचारतायत, आता प्रिंटरचं पण मलाच विचारायचं का?"